दुखायचं थांबलं तेव्हा

आई,

तू मला घातलेली शपथ मी या मंगळवारी पुन्हा मोडली. पहिल्यांदा मोडली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सत्तावीस वर्षं मी लोकांच्या पोटाला हात लावते आहे. तुला मी हे कधी सांगितलं नाही. मी सुट्टीला घरी आले की तू दर वेळी विचारायचीस, "पोटाला तर हात लावत न्हाईस ना कुनाच्या?" आणि मी म्हणायचे, "नाही गं, मी सलाईन लावते, इंजेक्शनं देते." तू मान हलवायचीस आणि माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकायचीस, जणू खोटं बोलायला ताकद लागते हे तुला ठाऊक होतं. तुला जाऊन वीस वर्षं झाली. आता खरं सांगायला हरकत नाही, आणि तू रागावलीस तरी मी माघार घेणार नाही, हेही आधीच सांगते.

तुझ्याकडे लोक सकाळी यायचे, अनशापोटी. चाकणच्या पलीकडच्या आपल्या गावाच्या आसपास तेव्हा एकही कंपनी नव्हती. माळावर हुलगे यायचे, आणि आण्णा कंपनीच्या गाडीनं भोसरीला फाउंड्रीत जायचे. कुणाचं पोट दुखलं, जुलाब लागले, अन्न जाईनासं झालं, की लोक म्हणायचे, वाटी सरकली असेल, जा तिच्याकडं. तू त्या माणसाला ओसरीवर उताणं झोपवायचीस. बेंबीपासून दोन्हीकडे छातीपर्यंत दोऱ्यानं मापायचीस. मग बेंबीवर अंगठा दाबून धडधड कुठे लागते ते बघायचीस. मधोमध लागली तर वाटी जागेवर, बाजूला लागली तर सरकलेली. मग एरंडेल लावून चोळणं, आणि शेवटी बेंबीवर पेटती पणती ठेवून तिच्यावर पितळी तांब्या पालथा घालणं. आतली ज्योत विझली की तांब्या पोटाला घट्ट धरायचा, आणि तू तो झटक्यानं उपटलास की बघायला जमलेली पोरंसोरं हसायची. पोटावर लाल गोल वळ उठायचा. ते वळ मी लहानपणी इतके पाहिलेत की मला वाटायचं, प्रत्येक मोठ्या माणसाच्या पोटावर एक कडं असतं.

तुझ्या अंगठ्याखाली जे धडधडायचं ती वाटी नव्हती, आई. ती पाठीच्या कण्यापुढून उतरणारी मोठी रक्तवाहिनी. सडपातळ माणसाच्या पोटात ती हाताला लागतेच, आणि आपल्याकडे तेव्हा सगळेच सडपातळ. हे मी शिकले तेव्हा मला तुझं हसू आलं नाही. वाईट वाटलं, की इतकी वर्षं माणसाच्या जिवाच्या नाडीवर बोट ठेवून होतीस आणि तुला कुणी सांगितलं नाही. पण एक गोष्ट तू मला पुस्तकाच्या आधी शिकवलीस. पोटाला हात लावण्याआधी तू दोन्ही तळवे एकमेकांवर घासायचीस. म्हणायचीस, "गार हातापुढं पोट खरं बोलत न्हाई." नर्सिंगच्या वर्गात बाईंनी तेच सांगितलं, हात गरम करून मग तपासा, नाहीतर रुग्ण पोट आवळून धरतो. सगळ्या वर्गानं ते वहीत उतरवलं. मी लिहिलं नाही. मला ते येत होतं.

आण्णांचं, माझ्या बापाचं, मी लिहिणार आहे. तू आयुष्यभर त्यावर बोलू दिलं नाहीस, म्हणून मुद्दाम लिहिणार आहे.

मी पंधरा वर्षांची आहे. आण्णा फर्स्ट शिफ्ट अर्धी टाकून घरी येतात, बेंबीपाशी दुखतंय म्हणतात. कंपनीच्या दवाखान्यातून त्यांना गॅसची गोळी मिळाली आहे आणि ते ती खिशातून काढून तुला दाखवतात. तू त्यांना झोपवतेस, चोळतेस. दुसऱ्या दिवशी दुखणं बेंबीवरून उतरून उजवीकडे खाली जातं, अंग तापतं, चहा उलटून पडतो. तू म्हणतेस, वाटी लई खाली गेलीय. तिसऱ्या दिवशी सकाळी तू कमरेला पदर खोचून बसतेस आणि जोर लावून चोळतेस. आण्णा ओरडतात, आणि मग एकाएकी शांत होतात. थोड्या वेळानं म्हणतात, "थांबलं गं. दुखायचं थांबलं." तुझा तो चेहरा! घामानं भिजलेला, आणि असा उजळलेला की मी तुला तेवढी सुंदर पुन्हा कधी पाहिली नाही. शेजारची काकू दारातूनच ओरडली, "बसली गं बया, वाटी बसली!" तू चुलीवर चहाचं आधण ठेवलंस.

दुपारी ऊन डोक्यावर असताना आण्णांनी मला गोधडी मागितली, आणि अंगावर घातली तर म्हणाले, काढ, पोटाला लागतीय. हातपाय गार होते. श्वास पळत होता. हलायला तयार नव्हते, गुडघे दुमडून एका कुशीवर पडून राहिले. सकाळपासून लघवीला उठले नव्हते. संध्याकाळी मला विचारायला लागले, "गाडी आली का गं कंपनीची?" तेव्हा तू टेम्पो बोलावलास. वाटेतल्या एकेका खड्ड्याला त्यांनी जो आवाज काढला तो मला आजही कुठल्याही पेशंटच्या तोंडून ऐकला की ओळखू येतो. आतड्याला लागून असलेली एक बोटाएवढी शेपटी सुजते, तिला अपेंडिक्स म्हणतात. ती तीन दिवस फुगत जाते. फुटली की ताण सुटतो, आणि माणूस म्हणतो, थांबलं. थांबलेलं नसतं. आतला पू सगळ्या पोटात पसरतो, तिथून रक्तात उतरतो, आणि मग एकेक अवयव काम सोडून देतो. आपल्याकडे लोक म्हणतात, सेप्टिक झालं. ऑपरेशन केलं त्यांनी. पाचव्या दिवशी आण्णा गेले.

डॉक्टर बाहेर आले आणि सगळ्या चुलत्यांसमोर तुला म्हणाले, "चोळून फोडलंत तुम्ही पोट. मारलंत माणसाला." बस, एवढंच. ते चहा प्यायला गेले, आणि तू त्या एका वाक्यात पुढची अकरा वर्षं राहिलीस. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू माझा हात तुझ्या डोक्यावर ठेवून घेतलास. "कुनाच्या पोटाला हात लावायचा न्हाई. तुझ्या आजीचं माझ्यात आलं, माझ्यापाशी संपलं." मग तो तांब्या माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, जा, विहिरीत टाकून ये. स्वतः ओसरीवर बसलीस, कान विहिरीकडे लावून. आवाज झाला तेव्हा तू डोळे मिटलेस. हे मला मी परत आल्यावर काकूनं सांगितलं.

त्या डॉक्टरांशी मी इतकी वर्षं मनातल्या मनात भांडते आहे. तुला निर्दोष ठरवायला नाही. चोळायला नको होतं, आई. ज्या पोटात अशी सूज आहे त्याला जोर लावायचा नसतो, तो लावलास आणि त्यानं फुटणं कदाचित काही तास अलीकडे ओढलं. पण तीन दिवस तुंबलेली ती शेपटी तुझ्या हाताची वाट बघत नव्हती. ती फुटणारच होती. आणि पहिल्या दिवशी, जेव्हा सगळं सोपं होतं, तेव्हा आण्णा गोळी देणाऱ्या शिकलेल्या माणसापुढे उभे होते. त्यानं त्यांना झोपवून पोट बघितलं नव्हतं, टेबलाच्या पलीकडून गोळी सरकवली होती. त्याला कुणी खुनी म्हणालं नाही. तू निदान हात लावलास. मी हे वॉर्डात मोठ्यानं बोलले आहे, एकदा नाही, पुष्कळदा, आणि त्यामुळे दोनदा माझी बदलीही झाली आहे. असू दे.

आता मी चाकण-भोसरीच्या पट्ट्यातल्या एका सरकारी दवाखान्यात सर्जरीची इनचार्ज सिस्टर आहे. राहायला रहाटणीत. आपल्या माळावर आता गाड्यांचे सुटे भाग बनतात. पोटं मात्र तशीच फुटतात, फक्त कारणं वाढली. इतकी वर्षं एका दारात उभं राहिलं की कोण कुठून काय घेऊन येणार ते कळायला लागतं. पावसाळ्यात एका खोलीत आठ-आठ जण राहणाऱ्या कामगारांच्या वस्तीतून टायफॉइडनं आतड्याला भोक पडलेली तरणी मुलं येतात. कंबर मोडेपर्यंत उभं राहून काम करणारे येतात, चहावर दुखण्याची गोळी घेणारे, वर तंबाखू. त्यांच्या जठराला भोक पडतं. कॉन्ट्रॅक्टवरचे बहुतेक साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीच येतात, कारण मधे खाडा परवडत नाही, म्हणून बुधवारी सुरू झालेलं पोट रविवारी माझ्यापुढे येतं. आणि बाया सगळ्यांच्या मागून येतात. घरातल्या सगळ्यांचं जेवण उरकून, भांडी पालथी घालून, मग येतात. मला कुणी विचारलं की पोटातला सेप्सिस कशानं होतो, तर मी जंतूंचं नाव शेवटी सांगेन. आधी सांगेन, उशिरानं होतो.

मंगळवारी अकराच्या सुमाराला एक तिशीची बाई आली. चाकणच्याच बाजूची, शेतकऱ्याच्या घरातली सून, जमीन कंपन्यांत गेल्यावर स्वतः एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कामाला लागलेली. बरोबर नवरा आणि सासू. ते तपासायला आलेच नव्हते. नवरा म्हणाला, "म्याडम, हिला कालच्याला पोटात दुखलं म्हणून आज खाडा झाला. आता बरी हाय. फक्त चिठ्ठी पायजे, न्हाईतर कॉन्ट्रॅक्टर काढून टाकंल." नवीन डॉक्टर, पोरसवदा, सकाळपासून चाळीस पेशंट बघून थकलेला, त्यानं बीपी बघितलं, ठीक होतं. गॅस असेल म्हणाला, आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

ती बाकावर बसली होती, पण कशी? जरा पुढे वाकून, अजिबात न हलता, जसं डोक्यावर भरलेला हंडा आहे. ओठ सुकलेले. मी मनगट धरलं, ते गार होतं आणि नाडी धावत होती. मी म्हणाले, आत चल, झोप जरा. सासू पुढे झाली.

"आता कशाला झोपवताय सिस्टर? थांबलंय की तिचं."

"कधी थांबलं, मावशी?"

"आज सकाळी. मीच वाटी बसवली. माझ्या हाताला गुण हाय, इचारा गावात."

मी तिची साडी बाजूला केली. आई, बेंबीभोवती लाल गोल वळ होता. ताजा.

मी तळवे घासले. हात ठेवला. पोट नव्हतंच ते, पाट होता. पोळपाटासारखं कडक, आणि श्वासाबरोबर हलतही नव्हतं. मी म्हणाले, "जरा खोक बघू." तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मान हलवली, नाही म्हणून. खोकायला घाबरणारं माणूस कधी बरं झालेलं नसतं. सकाळपासून लघवी? नाही. गोळ्या? कंबर दुखते म्हणून रोज, दोन वर्षं. आणि आठवड्यात दोन उपास, तेव्हाही, नुसत्या पाण्याबरोबर. काल संध्याकाळी काय झालं? "सुरी खुपसल्यागत झालं वो, हितं," तिनं छातीच्या खाली बोट ठेवलं. तिला शेपटीचं दुखणं नव्हतं, जठराला भोक पडलं होतं, पण खेळ तोच. आतलं आम्ल पोटात सांडतं, आग होते, मग पोट स्वतःचंच पाणी सोडून ती आग पातळ करतं आणि काही तास माणसाला वाटतं, गेलं. ते काही तास म्हणजेच सगळं. त्या तासांत तू चहा ठेवला होतास.

डॉक्टर म्हणाला, "सिस्टर, बीपी नॉर्मल आहे." मी म्हणाले, "आत्ता आहे. उभ्यानं एक्स-रे काढा." तो म्हणाला, बाहेर रांग आहे. मी म्हणाले, "मग चिठ्ठी माझ्या हातात द्या." त्यानं दिली, आणि मी ती खिशात घातली. नवरा चिडला. "म्याडम, आमाला चिठ्ठी द्या न् सोडा. माजी सेकंड शिफ्ट हाय." मी म्हणाले, "चिठ्ठी पाहिजे ना? मिळेल. पण ती एका दिवसाची मिळणार नाही, महिन्याची मिळेल. बायको पाहिजे असेल तर एक्स-रे होईपर्यंत थांब." एवढ्या मोठ्यानं मी बोलले की रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "थांब बाबा, ही बाई लई खवीस दिसतीया."

एक्स-रेत छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या खाली चंद्रकोरीसारखी काळी रेघ होती. फुटलेल्या पोटातून निघालेली हवा. डॉक्टरचा चेहरा उतरला, आणि हे मी त्याच्या बाजूनं सांगते, पुढची वीस मिनिटं तो धावला. सलाईन, अँटिबायोटिक, नाकातून नळी, रक्त, सर्जन मॅडमना फोन. पण तिला आत नेताना त्यानं सासूकडे वळून तोंड उघडलं. "मावशी, तुम्ही ते तांब्या लावून चोळून..."

मी मधे उभी राहिले. अक्षरशः, त्याच्या आणि तिच्या मधे. म्हणाले, "डॉक्टर, पुढचं वाक्य बोलायचं नाही. तुम्ही चिठ्ठी लिहीत होतात आणि या मावशी तांब्या लावत होत्या. दोघांनाही वाटलं, थांबलं." तो लाल झाला. मला वाटलं तक्रार करेल. तो स्ट्रेचर ढकलायला लागला. आई, तीस वर्षांपूर्वी तिथे कुणी असं मधे उभं राहिलं असतं तर आण्णा वाचले नसते. तू वाचली असतीस.

ऑपरेशन झालं. भोक बुजवलं, पोट कितीतरी पाण्यानं धुऊन काढलं. दोन दिवस ताप, लघवीचा थेंब थेंब मोजणं, नाडीवर नजर. सासू वॉर्डाबाहेरच्या पायरीवरून हलली नाही. बुधवारी मला म्हणाली, "म्याच केलं का वो हे?" तेच, अगदी तेच तुझं तोंड. मी खोटं बोलले नाही. म्हणाले, "भोक गोळ्यांनी आणि उपाशी पोटानं पाडलं. तुम्ही उशीर केलात, आणि दुखत्या पोटावर जोर लावलात, ते परत करायचं नाही. पण तुमच्याकडे लोक यायचे थांबणार आहेत का?" ती म्हणाली, "न्हाई थांबायचे." "मग तांब्याला हात लावण्याआधी माणसाला खोकायला सांगा. खोकवत नसेल, पोट पाटासारखं लागलं, लघवी नसेल, तर त्याला हात लावू नका, उचलून इकडं आणा. आणि दुखणं एकदम थांबलं तर चहा नाही ठेवायचा, गाडी बोलवायची." तिनं माझ्यापुढे दोनदा म्हणून दाखवलं, पाठ केल्यासारखं. मी अशा बाया शोधत असते. गावोगावी आहेत. बंदी घालून त्या संपणार नाहीत, त्यांचे हात माझ्या दारापर्यंत आणायचे आहेत. डॉक्टर हसतात. हसू देत.

शुक्रवारी सकाळी मी राउंडला होते. पोटाच्या ऑपरेशननंतर आम्ही सगळे एकाच गोष्टीची वाट बघतो, आतडी चालू झाल्याची, म्हणजे वारा सरण्याची. अख्ख्या वॉर्डात सासूचा आवाज घुमला, "सुटला गं बया, सुटला! सिस्टर, वो सिस्टर, सुनबाईचा सुटला!" पेशंट लाजून चादरीत गेली, पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं टाळ्या वाजवल्या. चेहरा होता तो सासूचा, घामेजलेला, उजळलेला. मी तो दुसऱ्यांदा बघितला. या वेळी खरा होता.

म्हणून शपथ मोडल्याचा मला पश्चात्ताप नाही. तू मला गप्प बसवायला घातलेली शपथ होती ती, आणि ती तुझी नव्हतीच, त्या डॉक्टरांच्या वाक्यानं तुझ्या तोंडून घातलेली होती. आजीचं तुझ्यात आलं, तुझं माझ्यात आलं. संपलं नाही, आणि मी संपू देणार नाही.

हे पत्र पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. घडी करून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवीन, पितळी तांब्याखाली, जो मी दर रविवारी चिंचेनं घासते आणि ज्यातून माझी मुलगी पाणी पिते. त्या दिवशी मी विहिरीच्या काठावर बराच वेळ उभी राहिले होते, आई. तू ऐकलास तो आवाज दगडाचा होता.